पुन्हा करून दाखवा

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर सात माणसांचं एक ऑफिस आहे. तिथं रोज सकाळी चहा होतो आणि पहिला कप ओघळेच्या टेबलावर जातो. साहेबांनासुद्धा दुसरा मिळतो. कप नेऊन ठेवतात त्या खडेताई. हे सुरू होण्याआधी त्यांनी ऑफिसात कोणाला स्वतःहून चहा दिल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. दुसऱ्यानं आणून दिलेल्या चहात साखर कमी आहे, एवढं मात्र त्या न चुकता सांगत. हे चक्र उलटं कसं फिरलं, त्याची ही हकीकत.

दोन्ही नावं अर्थातच टोपणनावं. खडेताईंचं वय अठ्ठावन्न आणि काम चाचणीचं, म्हणजे बाकीच्यांनी दिवसभर खपून जे सॉफ्टवेअर बांधलं ते संध्याकाळपर्यंत मोडून दाखवायचं. धान्य निवडताना खडा जसा बरोबर हाताला लागतो, तशी त्यांच्या हाताला चूक लागते, म्हणून कोणीतरी पहिल्याच वर्षी हे नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्याच्या कामात त्यांनी त्याच आठवड्यात अकरा चुका काढल्या, पण नाव काही पुसलं गेलं नाही. मागे त्यांच्या नावानं खडे फोडणारे पुष्कळ असतात, तेव्हा नाव दोन्हीकडून शोभतं.

ओघळे हा बत्तीस वर्षांचा, सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याच्या तोंडी सदा एकच शब्द, ओघ. बोट पडद्यावर फिरतं तो एक ओघ, घड्याळ पुढं सरकतं तो दुसरा, आणि या दोन्हींतून जे घडतं तो तिसरा. सगळ्यांनी त्याला ओघळे म्हणायला सुरुवात केली, आणि ते इतकं आडनावासारखं वाटायला लागलं की एकदा कुरिअरवाला त्याच्या खऱ्या नावाचं पाकीट 'इथं असं कोणी नाही' म्हणून परत घेऊन गेला.

खडेताईंना या ओघाचा भारी कंटाळा होता. "एवढंच होतं तर ऑफिस नदीकाठी तरी घ्यायचं," त्या म्हणत. ओघळे हसून पुन्हा समजावत बसे. "ताई, माझ्या पद्धतीत सॉफ्टवेअरला स्वतःची मर्जी नसते. बोट कुठं होतं आणि किती वाजले होते, एवढंच त्याला कळतं. तेच बोट आणि तीच वेळ पुन्हा दिली की ते तसंच वागणार. आज, उद्या, दहा वर्षांनी." खडेताई म्हणत, "बरं," आणि त्याच्या कामातली पुढची चूक त्याच्यासमोर ठेवत.

या कामाआधी बावीस वर्षं त्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होत्या. तिथं त्यांना आणलं त्यांच्या थोरल्या भावानं, दादांनी. दादा जुळारी होते, उभ्यानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. त्यांनी जुळवायचं आणि धाकट्या बहिणीनं त्यात चुका काढायच्या, असं चाले, आणि जेवताना त्यावरून वाद घालायचा हेही नेमानं चाले. छापखान्याचा नियम तीन वाचनांचा. तिसऱ्यांदा ताई प्रूफ घेऊन आल्या की दादा शाईचे हात फडक्याला पुसत, कागदाकडे न बघता बहिणीच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "पुरे." त्या शब्दाशिवाय पान यंत्रावर चढत नसे. छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले, पण तीनचा नियम ताईंच्या हाडांत राहिला. एकदा दिसलेली गोष्ट त्या खरी मानत नाहीत. तीनदा करून बघतात, मगच तोंड उघडतात.

आणि हे बरंच होतं, कारण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. चूक सांगायला गेलं की ते मान वर न करता म्हणतात, "पुन्हा करून दाखवा." चूकही अशी चतुर असते की दोघांच्या देखत नेमकी तोंड लपवते. खडेताई या वाक्याला कधी बधल्या नाहीत. त्या ऐटीत बसत आणि चौथ्यांदा करून दाखवत.

मग ऑफिसात बोलक्या पाटीचं काम आलं. ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यासाठी ही पाटी. पडद्यावर शब्दांच्या चौकटी. हव्या त्या शब्दावर बोट पूर्ण सेकंदभर ठेवायचं, तेवढ्यात त्याभोवती एक घेर भरत येतो, तो पूर्ण झाला की पाटी तो शब्द मोठ्यानं बोलते. बोट मध्येच सरकलं तर घेर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे चुकून काही बोललं जाऊ नये. शब्द निवडायला सगळे बसले तेव्हा खडेताईंनी हट्ट धरून 'पुरे' हा शब्द घालायला लावला. ओघळे म्हणाला, "ताई, 'नको' आहे की." त्या म्हणाल्या, "नको वेगळं आणि पुरे वेगळं. तुझ्या आईला विचार." खालच्या कोपऱ्यात 'पुरे' बसला.

पाटी अर्धीमुर्धी तयार असताना दादांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळे तेवढेच मिस्कील होते, पण मान एका बाजूला कललेली, त्यामुळे होकार आणि नकार दोन्ही सारखेच दिसायचे. दादांनी लग्न केलं नव्हतं. दवाखान्यातून त्यांना शुश्रूषागृहात हलवलं. पाटी काही रुग्णांना वापरून बघायला द्यायची होती, तेव्हा पहिल्या चारांत दादांचं नाव आलं. पडद्यावरच्या प्रत्येक स्पर्शाची नोंद ऑफिसात यायची, त्यासाठी घरच्यांची परवानगी लागे. दादांच्या कागदावर सही खडेताईंची.

इकडे घरी त्यांनी मागची खोली रिकामी केली. यजमान त्यांचे नळकाम करणारे, आता निवृत्त. त्यांनी न्हाणीघरात दादांच्या उंचीचा कठडा बसवला, उंबरा काढून टाकला, पलंगाला विटा लावून तो खुर्चीच्या पातळीवर आणला. सगळं तीनदा तपासून झालं. मग एका गुरुवारी दुपारी खडेताई शुश्रूषागृहात गेल्या, पाटी दादांच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "दादा, आमच्याकडे राहायला येणार ना?"

दादांचा डावा हात पाटीवर आला. हात थरथरत होता, तो नेहमीच थरथरायचा. ताईंनी पाटीकडे नाही, दादांच्या तोंडाकडे बघितलं. घेर भरला आणि पाटी बोलली.

"नको."

खडेताईंना आयुष्यात पुष्कळदा नकार ऐकावा लागला होता, पण हा जिव्हारी लागला. त्या म्हणाल्या, "बरं. तुझी मर्जी." टॉवेलांची घडी घातली, पिशवीची चेन ओढली. पाठीमागून दादांनी घशातून कसलासा आवाज केला. तो निरोपाचा असेल असं धरून त्या न वळता बाहेर पडल्या आणि फाटकावरच्या वहीत सव्वाचारची सही करून बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या.

नऊ दिवस त्या फिरकल्या नाहीत. सर्दी झाल्याचं कळवलं. घरी यजमानांनी दोन दिवस वाट पाहिली आणि विचारलं, "अगं, कठडा काढून टाकू का?"

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "माझ्याही उपयोगी पडेल."

दहाव्या दिवशी मात्र राहवलं नाही. गेल्या, पण पाटी स्वतःच्या हातानं उचलून फळीवर ठेवली. तो शब्द पुन्हा कानावर यायला नको होता. हवापाण्याच्या गप्पा मारल्या, एकट्यानंच. दादा फळीकडे बघत होते. निघताना वऱ्हांड्यात सिस्टर भेटल्या.

"ताई, तुमची ती पाटी छान आहे हो," सिस्टर म्हणाल्या, "पण कधीकधी भलतंच बोलते. परवा काका पाण्यावर बोट ठेवून होते, मी समोर उभी होते, आणि ती म्हणाली उशी. मी उशी दिली तर काकांनी ती फेकली."

खडेताई जागच्या जागी थांबल्या. पाटीवर 'पाणी'च्या शेजारची चौकट 'उशी'ची होती. आणि 'हो'च्या शेजारची 'नको'ची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओघळेच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "पाटी शेजारचा शब्द बोलते."

ओघळेनं मान वर केली नाही. "पुन्हा करून दाखवा."

आणि छापखान्याची बावीस अधिक इथली नऊ, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खडेताईंना ते करून दाखवता आलं नाही. त्यांनी दिवसभर बोट ठेवलं, उचललं, सरकवलं. पाटी शहाण्यासारखी वागत होती. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं केलं. दोनशेच्या वर प्रयत्न झाले, प्रत्येकापुढे त्यांनी बारीक अक्षरात 'बरोबर' लिहिलं, आणि प्रत्येक 'बरोबर'बरोबर त्यांचा धीर खचत गेला. पाटी बरोबर असेल तर दादांचं 'नको'ही बरोबर होतं.

ओघळे खुर्ची ओढून शेजारी बसला. "ताई, एवढा खटाटोप कशाला? दादांच्या स्पर्शांची नोंद आपल्याकडे आलेली आहे. तो गुरुवार जसाच्या तसा चालवून बघू. दोन मिनिटांचं काम."

"नको," खडेताई म्हणाल्या.

"का?"

ताईंनी पुन्हा बोट पाटीवर ठेवलं. ओघळे म्हणाला, "रागावू नका. दुसऱ्या कोणाच्या भावाची तक्रार असती, तर तुम्ही पहिल्या तासाला माझ्याकडून नोंद मागून घेतली असती."

त्यांना राग आलाच. इतका, की त्या उठून खिडकीशी गेल्या आणि खाली चष्म्याच्या दुकानात येणारीजाणारी माणसं मोजत उभ्या राहिल्या. राग अशासाठी की पोरगा खरं बोलला होता. त्यांना चूक शोधायची नव्हती, त्यांना चूक हवी होती, आणि या दोन गोष्टींतला फरक त्यांच्याएवढा कोणाला कळणार? नोंदीत दादांचं बोट सरळ जाऊन 'नको'वर बसलेलं दिसलं, तर मग काही उरणार नव्हतं. न बघता निदान शंकेला जागा होती.

अकरा माणसं मोजून झाल्यावर त्या परत आल्या. "चालव," म्हणाल्या, आणि बसल्या.

पडद्यावर पाटी उमटली. बोटाच्या जागी एक पिवळा ठिपका. कोपऱ्यात वेळ, चार वाजून दहा मिनिटं. ठिपका आला आणि थरथरायला लागला. ती थरथर खडेताईंनी ओळखली. माणूस समोर नव्हता, आवाज नव्हता, तरी दादा तिथं होते.

ठिपका 'हो'वर होता.

घेर भरत गेला, जवळजवळ पूर्ण झाला, आणि पाटी म्हणाली, "नको."

"थांबा थांबा," ओघळे म्हणाला आणि वेळ मागे नेली. आता तो एकेक तुकडा पुढं सरकवायला लागला. "पाटी सेकंदात साठ वेळा बोटाकडे बघते. मोजा." ताईंनी मोजलं. एक ते एकोणसाठ, ठिपका 'हो'च्या चौकटीत. साठाव्याला थरथर रेघेपलीकडे गेली आणि ठिपका 'नको'त पडला. त्याच साठाव्याला घेरही पूर्ण झाला होता.

ओघळेनं तो साठावा तुकडा पुन्हा मागंपुढं केला. मग म्हणाला, "ही माझी चूक आहे. बोट सरकलं की घेर शून्यावर जायचा, आणि घेर भरला की बोटाखालचा शब्द बोलायचा. दोन्ही एकाच क्षणी होतील हे मी धरलंच नव्हतं. बोलताना पाटीनं शब्द नवा घेतला आणि घेर जुना."

"मग माझ्या हातानं का होत नव्हतं?"

"तुमचा हात स्थिर आहे, ताई. घेर भरत आला की थकलेला माणूस हात सैल सोडतो. तुम्ही सोडत नाही."

खडेताईंना वाटलं होतं की आता हायसं वाटेल. ओघळेचा हात नोंद बंद करायला गेला, तो त्यांनी धरला. "थांबवू नकोस. पुढं चालू दे."

पुढं चार दहा झाले, चार अकरा झाले. ठिपका परत 'हो'वर आला. घेर निम्मा भरला, बोट सरकलं, घेर शून्य. परत 'हो'. परत सरकलं. चार तेराला एकदा घेर अगदी काठापर्यंत आला आणि गेला. चार पंधरा. यावेळी आपण फाटकावर सही करत होतो, हे खडेताईंना आठवलं. ठिपका 'हो'वर. चार अठरा, 'हो'. चार तेवीस, 'हो'. खोलीत कोणी नव्हतं, ऐकायला कोणी नव्हतं, आणि तो थरथरता ठिपका पुन्हा पुन्हा त्या एकाच चौकटीत येत होता. चार एकतीसला तो शेवटचा आला, अर्ध्या घेरावर उचलला गेला, आणि मग पाटीवर काहीच उरलं नाही.

"सव्वीस वेळा," खडेताई म्हणाल्या. मोजण्याची सवय. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंडाला पदर लावला. ओघळे उठून खिडकीशी गेला आणि आता त्यानं खाली माणसं मोजली.

पदर बाजूला करून त्या म्हणाल्या, "ओघळे, तुझ्या त्या ओघाला मी काय काय बोलले असेन. तू यातला एक कण टाकून दिला नाहीस. मी मात्र पाठ फिरवून निघून आले होते. तुझे फार उपकार आहेत बाबा माझ्यावर."

"उपकार कसले ताई, चूक माझीच होती."

"ती आहेच," खडेताई डोळे पुसत म्हणाल्या. "ती लिहून ठेवलीय मी. पण चुकीचा माग ठेवतोस, हे कोण करतं?"

मग दोघं कामाला लागली. ओघळेच्या पद्धतीत पाटीसाठी नियम लिहून ठेवता येत, काही 'नेहमी'चे, काही 'कधी ना कधी'चे, आणि साठवलेली प्रत्येक नोंद त्या नियमांवर घासून बघता येई. खडेताईंनी पहिला नियम सांगितला. नेहमी, जो शब्द पाटी बोलेल तो त्याआधी पूर्ण सेकंदभर बोटाखाली असलाच पाहिजे. चारही रुग्णांच्या नोंदींवर तो चालवला, तर एकोणीस ठिकाणी मोडला. एकोणीस वेळा कोणीतरी काहीतरी म्हणालं होतं आणि समोरच्यानं दुसरंच ऐकलं होतं. ओघळेनं ते दुरुस्त केलं. तरी ताई उठेनात.

"दुसरा लिही," त्या म्हणाल्या. "माणूस एकाच शब्दाकडे परत परत येत असेल, तर कधी ना कधी तो शब्द बोलला गेलाच पाहिजे."

ओघळेनं दादांची नोंद त्यावर चालवली. नियम मोडला, सव्वीस वेळा. म्हणजे चूक एक नव्हती, दोन होत्या, आणि दुसरी जास्त वाईट होती. त्यांनी असं केलं की थरथरीनं बोट क्षणभर बाहेर गेलं तर घेर शून्यावर न जाता तिथंच थांबेल, बोट परत आलं की पुढं भरेल. तोच गुरुवार पुन्हा चालवला, तीच बोटाची थरथर, तीच वेळ. यावेळी पाटी चार दहाला म्हणाली, "हो." ओघळेनं तीनदा चालवलं, ताईंनी न सांगता.

यंत्राचं काम एवढंच होतं. गुरुवारी दादांचं बोट कुठं होतं, एवढं ते सांगू शकत होतं. आज दादांच्या मनात काय आहे ते विचारायला माणसालाच जायला हवं होतं, आणि नऊ दिवस तोंड न दाखवणाऱ्या बहिणीबद्दल दादांच्या मनात आज काय असेल, याची खडेताईंना खात्री नव्हती.

पुढच्या गुरुवारी त्या गेल्या. यजमानांना बाहेरच्या बाकावर बसवलं. आत जाऊन फळीवरची पाटी काढली, पुसली, नवी आवृत्ती चढवली आणि दादांच्या मांडीवर ठेवली. पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची इतकी जवळ ओढली की गुडघ्याला गुडघा लागला.

"दादा, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पाटीचंही चुकलं, ते दुरुस्त झालंय. पण माझं जास्त. सगळं तीनदा तपासणारी मी, तुझं एकदाच ऐकलं आणि चालती झाले. आता परत विचारते, आणि काय म्हणशील ते म्हण. येतोस आमच्याकडे राहायला?"

दादांनी बराच वेळ बहिणीकडे बघितलं. मग डावा हात उचलला. बोट 'हो'वर आलं, थरथरलं, रेघेबाहेर गेलं, परत आलं. घेर थांबला आणि पुढं भरला. यावेळी ताई पाटीकडे बघत होत्या.

"हो."

ताईंच्या तोंडून सवयीनं निघालंच, "पुन्हा."

बोट उचललं गेलं, परत टेकलं. "हो."

"दादा, एकदाच आणखी. शेवटचं."

दादांच्या डाव्या डोळ्याशी सुरकुत्या पडल्या. बोट 'हो'वरून निघालं. 'नको' ओलांडलं, 'पाणी' ओलांडलं, 'उशी' ओलांडली, आणि सावकाश, थरथरत, पार खालच्या कोपऱ्यात जाऊन टेकलं. घेर काठोकाठ भरेपर्यंत दादा बहिणीच्या तोंडाकडे बघत होते.

"पुरे," पाटी म्हणाली.